आठ दिवसांत इजिप्त

इजिप्तला जायचे असे आमच्या घरात ठरले तेव्हा पहिली चर्चा झाली ती आत्याच्या गुडघ्यांवर. पैसा, पासपोर्ट, माझी परीक्षा हे विषय मागाहून आले. "वाळूत चालवणार आहेस का तिला?" असे आईने मला विचारले, आणि त्या एका प्रश्नाबरोबर सहलीच्या आखणीचे सारे काम न मागता माझ्या गळ्यात पडले.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने पस्तीस वर्षे भूगोल शिकवला. नाईल नदीच्या धड्याला तिची एक ठरलेली गंमत असे. भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून ती नदी खालून वर नेई आणि मग वर्गाकडे वळून नुसती थांबे. कोणीतरी पोर विचारीच, "बाई, नदी वर कशी चढंल?" मग उत्तर म्हणजे 'वर' नव्हे, येथून धडा सुरू होई. निवृत्त झाल्यावर काशी झाली, रामेश्वर झाले. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "आता ती उलटी नदी एकदा बघून यावी म्हणते. कोण येतंय?" बाबांना रजा नव्हती, दादाला हौस नव्हती. मी इतिहासाची विद्यार्थिनी. माझा हात तिचे वाक्य संपण्यापूर्वीच वर झाला होता.

दिवस मिळाले आठ. दिवाळीच्या सुट्टीत तेवढेच बसत होते आणि आत्याच्या हिशेबाच्या वहीतही तेवढेच बसत होते.

आठ दिवस म्हटले की ऐकताना पुष्कळ वाटतात. मग इतिहासाचे पुस्तक उघडावे. सक्कारा येथील पायऱ्यांचा पिरॅमिड इसवी सनापूर्वी सुमारे २६५० चा, आणि फिलेच्या देवळातला चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख इसवी सन ३९४ चा. मधे तीन हजार वर्षे! एका दिवसाच्या वाट्याला पावणेचारशेहून अधिक वर्षे येतात. परीक्षेतसुद्धा आम्ही एवढी घाई करीत नाही.

भूगोलाने मात्र काम थोडे सोपे केले. देश वाळवंटाचा, वस्ती जवळजवळ सगळी नदीकाठच्या हिरव्या पट्टीत आणि मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात. तेव्हा कोठेही जायचे म्हणजे नदीच्या प्रवाहाबरोबर किंवा प्रवाहाविरुद्ध, तिसरी दिशा प्रवाशाला फारशी लागत नाही. पण ही पट्टी लांब. कैरोहून आस्वानपर्यंत रेल्वेने पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून नागपूर गाठण्यासारखेच. बघण्यासारखे जे काही आहे ते या लांब दोरीला गाठी मारल्यासारखे अधूनमधून बांधलेले. प्रत्येक गाठीपाशी थांबावे तर दोरी संपत नाही, आणि दोरी संपवावी तर गाठी सुटतात.

ऋतूचा प्रश्न लगेच सुटला. आस्वानला जून ते ऑगस्ट पारा चाळिशीच्या वर असतो. वसंतात खमसीन नावाचा वाळूचा वारा सुटतो. दिवाळीचे दिवस त्या मानाने सुखाचे. पाऊस तर वरच्या इजिप्तमध्ये जवळजवळ पडतच नाही. "छत्री ठेवू का?" या आईच्या प्रश्नाला मी हे उत्तर दिले, तर तिने "मग उन्हासाठी ने" म्हणून छत्री ठेवायचीच असे ठरवून टाकले. जेवणाचीही काळजी होती, कारण आत्या माळकरी. पण इजिप्तमधल्या साध्या माणसाचे रोजचे खाणे बरेचसे आपल्या उपयोगाचेच निघाले. बाकल्याच्या दाण्यांची उसळ, त्याच दाण्यांचे वडे, आणि कोशरी. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी आणि हरभरे एकत्र करून वर टोमॅटोचे सार आणि तळलेला कांदा. या पदार्थाचे नाव आपल्या खिचडीवरून पडले असे काही जण सांगतात. आत्याने यादी ऐकून घेतली आणि "मग दशम्या चारच दिवसांच्या करू" एवढी सवलत दिली.

आता खरी आखणी. पहिला कागद मी एकटीने केला, आणि तो कोणत्याही सहल कंपनीच्या पत्रकासारखा होता हे कबूल करायला हरकत नाही. त्यात काही वाईट नाही. ज्या गोष्टी सगळे बघतात त्या बहुधा बघण्यासारख्याच असतात. गिझाचे पिरॅमिड त्यात होतेच. खुफूचा मोठा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता, वरचे गुळगुळीत आवरण आणि टोक गेल्यामुळे आता १३८ च्या आसपास आहे. दगड सुमारे तेवीस लाख. आत जाता येते, पण कसे? चढणीच्या बोगद्याची उंची जेमतेम सव्वा मीटर. कंबरेत वाकून चढायचे, मग एकदम साडेआठ मीटर उंचीची दगडी दालनवाट लागते, ती चढून पुन्हा वाकायचे, आणि शेवटी ग्रॅनाइटची एक खोली. त्या खोलीत झाकण नसलेली, रिकामी दगडी शवपेटी.

हे मी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. आत्या म्हणाली, "रिकाम्या पेटीसाठी एवढं वाकायचं? तू जा. मी बाहेर पिशव्या सांभाळीन आणि बाहेरून बघीन. बाहेरून दिसावं म्हणूनच बांधलंय ना ते?" गुडघ्यांचा प्रश्न असा मिटला.

संग्रहालयांचा प्रश्न त्याहून नाजूक. कैरोच्या तहरीर चौकातले जुने संग्रहालय १९०२ पासूनचे. गिझाच्या पिरॅमिडांजवळचे नवे भव्य संग्रहालय १ नोव्हेंबर २०२५ रोजी समारंभाने उघडले, आणि हॉवर्ड कार्टरला १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू तेथे प्रथमच एकत्र मांडल्या आहेत. राजांच्या ममी तिसऱ्याच ठिकाणी. एप्रिल २०२१ मध्ये बावीस राजे-राण्यांची मिरवणूक काढून त्यांना फुस्तातच्या संग्रहालयात नेले. मी तिन्ही ठिकाणे लिहिली होती. आत्याने पेन्सिल उचलली आणि ममींवर आडवी रेघ मारली. "मेलेल्या माणसाला तिकीट काढून बघणं मला नाही जमायचं. त्यांनी ती तोंडं झाकून ठेवली होती." या वाक्यावर इतिहासाच्या विद्यार्थिनीने वाद घालायला हवा होता. पण बडोद्याच्या संग्रहालयातली ममी मी शाळेच्या सहलीत पाहिली आहे. तेव्हा माझ्याही मनात अभ्यासाचा विचार आला नव्हता, फक्त ओशाळल्यासारखे झाले होते. मी रेघ तशीच राहू दिली.

तिने स्वतःहून एक ठिकाण घातले, ते माझ्या यादीत नव्हते. कैरोच्या रोडा बेटावरचे पाणीमापक. इसवी सन ८६१ मध्ये बांधलेली एक खोल चौकोनी विहीर, आणि तिच्या मधोमध हातांच्या खुणा कोरलेला संगमरवरी खांब. नाईलला पूर आला की पाणी आत शिरे आणि खांबावर किती हात चढले ते मोजत. सोळा हातांच्या आसपास चढले की साल चांगले. फार कमी चढले तर दुष्काळ, फार चढले तर बांध फुटणार. त्या आकड्यावर त्या वर्षाचा शेतसारा ठरे. "म्हणजे यांची आणेवारी विहिरीत होती!" आत्या म्हणाली, आणि पहिल्या दिवसाच्या रकान्यात ठळक अक्षरांत रोडा लिहिले गेले.

लक्सरला मी दोन दिवस दिले होते, आणि त्यातला एक तास कमी करायची माझी तयारी नव्हती. कारनाकच्या देवळातला तो स्तंभांचा सभामंडप! १३४ खांब, त्यातले मधले बारा सुमारे एकवीस मीटर उंच. चित्रातही ते पाहताना मान वर होते. पलीकडच्या तीरावर राजांच्या दरीत साठांहून अधिक थडगी, पण साध्या तिकिटावर तीनच बघता येतात. कोणती तीन हे ठरवण्यात माझे दोन रविवार गेले. त्याच डोंगराआड देर-अल-मदिना हे कारागिरांचे गाव आहे. राजांची थडगी कोरणारी, रंगवणारी माणसे तेथे राहत. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांचे धान्य थकले, तेव्हा त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि देवळांमागे जाऊन ठिय्या दिला. इतिहासात नोंद झालेला हा पहिला संप समजतात. त्याची हकीकत लिहिलेला पपायरस इटलीत तुरिनला आहे. आपल्या महाविद्यालयातून लक्सरला कोणी गेलेच तर त्याने राजांची एक खोली कमी बघावी, पण हे गाव चुकवू नये, असे माझे मत आहे.

येथपर्यंत आमचे बरे चालले होते. मग कागद आस्वानपाशी आला, आणि तेथे तो महिनाभर अडकला.

मी आस्वानला एक दिवस ठेवला होता. दक्षिणेला अबू सिम्बेल मी गाळले होते, आणि त्याला कारण होते. आस्वानहून ते सुमारे २८० किलोमीटर. पहाटे चारला निघायचे, वाळवंटातून साडेतीन तास जायचे, दीड-दोन तास देऊळ बघायचे आणि तसेच परत. बरे, देऊळ कोणाचे? दुसऱ्या रामसेसचे. दारात त्याचेच चार पुतळे, प्रत्येकी वीस मीटर उंचीचे. आत त्याच्याच लढाया, आणि अगदी गाभाऱ्यात तीन देवांच्या ओळीत चौथा तोच बसलेला. या राजाचे नाव इजिप्तभर इतक्या ठिकाणी आहे की त्याला भेटायला आणखी २८० किलोमीटर जाण्याची गरज नाही, असे मी आत्याला समजावून सांगितले.

ती म्हणाली, "राजा जाऊ दे. ते देऊळ उचललं ना गं पाण्यातून? मला ते बघायचंय."

येथे थोडे मागे जायला हवे. आत्याने तीस-पस्तीस वर्षे मुलांना नाईलचा पूर शिकवला. इथिओपियाच्या डोंगरांत पावसाळा असतो तो आपल्या आषाढ-श्रावणाच्या दिवसांतच. ते पाणी गाळ घेऊन इजिप्तमध्ये उतरे, महिना-दोन महिने शेते पाण्याखाली राहत आणि पाणी ओसरले की काळ्या मातीत पेरणी होई. हजारो वर्षे हे चालले. इंग्रजांच्या अमलात १९०२ मध्ये आस्वानला पहिले धरण झाले, पुढे ते दोनदा उंच केले, तरी पूर पुरता थांबला नव्हता. १९६० मध्ये उंच धरणाचे काम सुरू झाले, १९६४ मध्ये पाणी अडू लागले, १९७० मध्ये धरण पुरे झाले. त्यानंतर नाईलला तो पूर आला नाही. "मी शिकवायला लागले तेव्हाच तो बंद झालेला होता," आत्या म्हणते. "पण पोरांना मी 'येतो' असंच शिकवलं नाही हो, 'येत असे' म्हणून शिकवलं. आणि तो अडवला ती जागा काही मी बघितलेली नाही."

धरणामागे पाचशे किलोमीटर लांबीचा जलाशय झाला, थोडा सुदानातही शिरलेला. त्याखाली गेला तो नुबिया. नुबियाचे लोक वेगळे, त्यांची भाषा वेगळी. नदीला लागून खजुरीच्या रांगा आणि त्यामागे मातीची, भिंतींत चिनीमातीच्या बशा बसवलेली घरे.

आणि आत्याचे माहेर, म्हणजे आमचेच मूळ गाव, इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी होते. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले. त्याच्या आधी काही वर्षे गाव उठले. आत्या तेव्हा पंधरा वर्षांची होती. मी हे लहानपणापासून ऐकत आले आहे, पण आमच्या घरात ते दुःख म्हणून कोणी सांगत नाही. चावडीपुढची चिंच, घाटाच्या पायऱ्या, कोणाच्या दारातून कोणाची बैलगाडी आधी निघाली असे तुकड्या-तुकड्यांनी सांगतात. जवळच पळसदेवचे जुने दगडी देऊळ जलाशयात आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की ते वर येते. तशा साली "देऊळ वर आलंय" असा फोन येतो, आणि आमच्याकडची म्हातारी माणसे तिकडे जाऊन येतात. बाबा एकदा मला घेऊन गेले होते. चिखल वाळून भेगा पडलेल्या होत्या, लोक फोटो काढत होते, आणि आत्या देवळाकडे पाठ करून भलतीकडेच, पाण्याकडे बघत उभी होती. तिकडे आमचे गाव होते. ते वर आले नव्हते.

पासपोर्टचा अर्ज भरताना जन्मस्थानाच्या रकान्यापाशी मी थबकले. तिने सहज गावाचे नाव सांगितले. नवे गावठाण वर माळावर झाले, त्यालाही तेच नाव आहे. "आम्ही नाव तेवढं बरोबर घेऊन आलो," ती म्हणाली.

हे सर्व डोक्यात ठेवून मी नुबियाविषयी पुन्हा वाचायला बसले, आणि कागदाचा तोल बदलला.

देवळे वाचवण्यासाठी युनेस्कोने १९६० मध्ये जगाला हाक दिली. अबू सिम्बेलची दोन्ही देवळे डोंगरात कोरलेली. ती १९६४ ते १९६८ या काळात करवतीने कापून हजारावर तुकडे केले, काही तुकडे तीस टनांपर्यंतचे, आणि ते ६५ मीटर वर व सुमारे दोनशे मीटर मागे नेऊन पुन्हा जुळवले. मागे डोंगर हवा म्हणून काँक्रीटचा घुमट बांधून त्यावर खडक-माती घातली. पूर्वी वर्षातून दोनदा सूर्याचा किरण थेट गाभाऱ्यात जाई, ती सोयसुद्धा राखली. आता तो २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला जातो. खर्च तेव्हाचे सुमारे चार कोटी डॉलर, आणि पन्नासएक देशांनी हातभार लावला. मदतीबद्दल इजिप्तने काही लहान देवळे भेट देऊन टाकली. देंदूरचे देऊळ न्यूयॉर्कला गेले, देबोदचे माद्रिदला. आत्या म्हणाली, "दक्षिणा म्हणून अख्खं देऊळ! पुजाऱ्याला काय दिलं?"

या मोहिमेत आपला देशही होता, हे माझ्या वर्गातल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल. १९६१-६२ च्या हंगामात बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व खात्याचे पथक नुबियात गेले आणि अफये येथे त्याने उत्खनन केले. अश्मयुगीन हत्यारे सापडली, चार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची दफनभूमी सापडली. पाणी चढण्यापूर्वी जे नोंदवता येईल ते नोंदवायचे अशी ती घाई होती. जुन्यातली जुनी थडगी अशी मोजली, रेखाटली गेली. त्या वेळी हयात असलेल्या माणसांच्या आई-बापांची थडगी मात्र जेथल्या तेथे पाण्याखाली गेली.

माणसांचे काय झाले? इजिप्तच्या बाजूचे सुमारे पन्नास हजार नुबियन १९६३-६४ मध्ये काही महिन्यांत हलवले. सुदानातले जवळजवळ तेवढेच. इजिप्तमधल्यांना आस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बोजवळ वसवले. सरळ रेषांत घरे, नदी दूर. गावांना जुनीच नावे दिली: बल्लाना, तोश्का. आणि शेतात काय? ऊस! कोम ओम्बोचा परिसर उसाचा, तेथे साखर कारखाना आहे. हे वाचून दाखवले तेव्हा आत्या बराच वेळ हसत होती. आमच्या इंदापूरकडेही धरण आल्यावर ऊसच आला. ती धरणाच्या विरुद्ध बोलत नाही, हे येथे सांगायला हवे. "पाणी आलं म्हणून माझे भाऊ शिकले," असे ती म्हणते, आणि ते खरे आहे. आस्वानच्या धरणानेही देशाला वीज दिली. १९८० नंतरच्या दशकात इथिओपियात भीषण दुष्काळ पडला तेव्हा या साठ्याने इजिप्तला तारले. या हिशेबाची वजाबाकी करणे मला जमलेले नाही. ती करून दाखवणारी पुस्तके मी वाचली, पण प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते.

मग आखणी पुन्हा केली. आता कैरोला दोनच दिवस. पहिला रोडा बेटाचा, दुसरा पिरॅमिड आणि शेजारच्या नव्या संग्रहालयाचा. त्याच रात्री गाडीने लक्सर मागे टाकून सरळ आस्वान. तिसऱ्या दिवशी विश्रांती आणि संध्याकाळी नुबियन संग्रहालय. हे १९९७ मध्ये उघडले. चौथा दिवस अबू सिम्बेलचा. होय, पहाटे चारला. मला पुतळ्यांपेक्षा आता त्यांच्या मागचा बनावट डोंगर बघायचा आहे. देवळाला डोंगर करून देणारे अभियंते रोज भेटत नाहीत.

पाचव्या दिवशी धरण आणि फिले. हे इसिसचे देऊळ. जुन्या धरणामुळे १९०२ नंतर वर्षातले बरेच महिने ते पाण्यात असे आणि प्रवासी होडीतून त्याच्या खांबांमधून फिरत. पुढे १९७० च्या दशकात ते सुटे करून शेजारच्या अगिल्किया बेटावर नेले, आणि त्या बेटाला कातून जुन्या बेटाचा आकार दिला. १९८० मध्ये ते पुन्हा उघडले, उजनी पुरी झाली त्याच वर्षी. मघाशी सांगितलेला ३९४ सालचा शेवटचा लेख याच देवळाच्या भिंतीवर आहे. २४ ऑगस्टला एका पुजाऱ्याने तो कोरला. त्यानंतर ती लिपी वाचणारे कोणी उरले नाही, ते १८२२ मध्ये शाम्पोल्यॉंने कोडे उलगडेपर्यंत. देवळाइतकीच ही भिंत बघण्यासाठी मी आतुर आहे.

सहावा दिवस कोम ओम्बोचा, आणि याच दिवसाने आम्हाला सर्वांत जास्त दमवले. कोम ओम्बोला नदीकाठी मगरदेवाचे सुंदर देऊळ आहे, सगळ्या बोटी तेथे थांबतात. आत्याला देवळापलीकडे, आतल्या गावांत जायचे आहे. एका सहल कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीने म्हणाला, "मॅडम, तिकडे बघण्यासारखं काही नाही." दुसरीने गाडी देऊ म्हटले, पण आस्वानजवळच्या रंगीत नुबियन गावात, जेथे मगरीचे पिल्लू हातात घेऊन फोटो काढतात. आत्याला मगर नको होती.

मलाही एक शंका होती, ती मी तिला बोलून दाखवली. अनोळखी माणसांच्या दारात जाऊन "तुम्ही कोठून उठलात?" असे विचारायचे म्हणजे काय? ममींना तिकीट लावल्याचा तुला राग, मग हे वेगळे कसे? आपल्या गावठाणात असा कोणी परदेशी उतरला आणि म्हणाला, दाखवा, तर तू काय करशील?

ती जराही अडखळली नाही. "चहा करीन. आणि पारावर नेऊन, जुनं गाव कुठं होतं ते हात करून दाखवीन. नाही आवडायचं मला ते? आजवर कुणी विचारलंच नाही."

हमझा अल दीन हे तोश्काचे गायक. धरणाआधी ते गावोगाव हिंडून आपल्या लोकांना सावध करीत आणि त्यांची गाणी गोळा करीत. त्यांच्या एका दीर्घ रचनेचे नाव रहाटावरून ठेवलेले आहे. ती मी आत्याला ऐकवली. शब्द आम्हा दोघींना कळत नाहीत. बैल रहाटाभोवती फिरतो तशी तीच तीच लय फिरत राहते. तिने डोळे मिटून ऐकले आणि "आमची मोट होती, रहाट नव्हता," एवढेच म्हणाली.

आता आस्वानहून एक मोटार आणि अरबी-इंग्रजी जाणणारा कोणी माणूस मिळतो का, याची पत्रापत्री चालू आहे. आत्या "सलाम", "शुक्रन" आणि "माय", म्हणजे पाणी, हे तीन शब्द शिकली आहे. तिचा पासपोर्ट आला, व्हिसाचे कागद पुढच्या आठवड्यात जातील. दारी जाताना नेण्यासाठी तिने तिळाच्या वड्या करायच्या ठरवल्या आहेत.

राहिले लक्सर. दोन दिवसांचे ते एक दिवस झाले आहे. सातव्या दिवशी सकाळी पलीकडच्या तीरावर तीन थडगी आणि कारागिरांचे गाव, संध्याकाळी कारनाक, आणि आठव्या दिवशी विमान. १३४ खांबांना एक संध्याकाळ! मी आत्याला रोज सुचवते आहे की कैरोचा पहिला दिवस अर्धा करू, रोडा बेट परतताना बघू. ती म्हणते, पाण्याचे माप आधी बघायचे आणि मग नदी. ती भूगोलाची बाई आहे, पैसे तिचे आहेत आणि पेन्सिलही तिच्याच हातात आहे. पण जायला अजून दीड महिना आहे आणि मी कारनाक सोडलेले नाही.